पोचलं का व, ताई?

माधुरीचा फोन आला तेव्हा मी दिलीपच्याच फोनची वाट पाहत होते. आदल्या संध्याकाळी आमच्या आमगावात वादळानं लाइन गेली होती. मी अंधारात मेणबत्ती शोधत होते आणि हा पठ्ठ्या तिकडे फुलचूरहून विचारतो, "ताई, तुझी पेटी काऊन बंद आहे व?" मी म्हटलं, "पेटीच काय, सारं आमगाव बंद आहे. तुझं काम उद्या पाठव." तो म्हणाला, "बरं, लाइन आली का पाठवतो. तू झोप." सकाळी फोन वाजला तो मी भांडायच्या तयारीनंच उचलला, आणि पलीकडे माझी भावजय माधुरी... दिलीप पहाटे गेला. छातीत दुखतं म्हणाला, पाणी मागितलं, आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत राहिला नाही. पाठचा भाऊ होता माझा. मला विचारल्याशिवाय त्यानं जन्मात फारसं काही केलं नव्हतं, हे एक केलं.

याला आता काही आठवडे झाले. रडायचं ते रडून झालं. आणि खरं सांगू का, दिलीपची आठवण काढायची आणि हसायचं नाही, हे आमच्या घरात कोणाला जमतच नाही. बरीच वर्षं तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. मग एके दिवशी बिऱ्हाड उचलून फुलचूरला आला आणि घरूनच कंपनीचं काम करू लागला. दिवसा घरी दिसणारा पुरुष आमच्याकडे लोकांना सहन होत नाही. शेजारीपाजारी विचारत, "काऊन गा दिलीप, काढून टाकलं का?" हा शांतपणे सांगे, "हो ना. काढून टाकलं, पण पगार देणं विसरून नाही राहिले." मी मास्तरीण, आयुष्यभर पोरांना सरळ उत्तर द्यायला शिकवलं. सख्ख्या भावाला काही शिकवता आलं नाही.

फुलचूरला आल्यावर त्यानं फावल्या वेळात एक प्रोग्रॅम लिहायला घेतला, 'रोवणी' नावाचा. आमच्याकडे धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आली की रोवणाऱ्या बायांच्या टोळीला सोन्याचा भाव येतो. चिखल साऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, एकदमच तयार होतो आणि बाया तर तेवढ्याच. मग कोणी पहाटेच टोळीच्या दारात जाऊन बसतो, कोणी दुसऱ्याची ठरलेली टोळी रस्त्यातून पळवतो, आणि त्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. दिलीपच्या प्रोग्रॅममध्ये शेतकऱ्यानं मोबाइलवर आपली बांधी सांगायची आणि कोणती टोळी कोणत्या दिवशी येणार ते पाहायचं. या कामात त्याच्या जोडीला होती निकिता. सडक अर्जुनीच्या ढाबेवाल्याची लेक, इंजिनियर, तिकडे घरी बसूनच नागपूरच्या कंपनीचं काम करते. ती त्याला सर म्हणायची, मला काकू.

मागल्या वर्षी या दोघांनी मोठ्या थाटात प्रोग्रॅम गावांना दिला आणि पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. वेळापत्रक अगदी चोख, शेतकरी बांधीवर हजर, आणि टोळीचा पत्ता नाही. कौशल्याबाई म्हणून एका टोळीच्या मुकादमीण आहेत, त्यांनी दिलीपला फोन लावला. "काय जी भाऊ, तुमच्या मोबाइलले बाजार नाही का? आज आमच्या गावचा बाजार आहे. बाजाराच्या दिवशी कोणती बाई रोवते जी?" इथेच जन्मलेल्या, बाजाराच्या दिवशी शाळेतून पळणाऱ्या माणसानं बाजार विसरावा, म्हणजे कमाल झाली. गाव वेगळं की बाजाराचा वार वेगळा, त्यामुळे साऱ्या वेळापत्रकाचा खिचडा झाला. दिलीपनं त्यांची माफी मागितली आणि यंदाच्या रोवणीआधी गावोगावचा बाजार प्रोग्रॅममध्ये घालून देतो असा शब्द दिला. मरायच्या आधीचे कित्येक दिवस तो हेच करत होता. कोणीही फोन केला की ख्यालीखुशालीच्या आधी विचारायचा, "तुमच्याकडे बाजार कोणत्या दिवशी?"

आता माझ्या पेटीचं सांगते. पेटी म्हणजे एक जुना कॉम्प्युटर, पडदा नाही, कीबोर्ड नाही, नुसता डबा. तो त्यानं माझ्या जेवणाच्या खोलीत फ्रिजच्या बाजूला आणून ठेवला आणि तारा जोडल्या. लाइन गेली तर परत आल्यावर आपोआप सुरू व्हावा, अशी सोयही केली. मी विचारलं, "तुझ्या घरी जागा नाही का?" तेव्हा त्यानं मला बाबांचं चिनोर आठवायला लावलं. चिनोर हा आमच्याकडचा वासाचा धान. बाबा त्याचं बियाणं कधी एका घरी ठेवत नसत, अर्धं नेहमी आत्याकडे. एका वर्षी आमच्या घरचं बियाणं सारं किडलं, तेव्हा आत्याकडचं आलं आणि चिनोर वाचलं. "हे तेच आहे," दिलीप म्हणाला. "जगात सारे प्रोग्रॅमवाले आपलं काम इंटरनेटवर एका मोठ्या कोठारात ठेवतात. मी पण ठेवतो. पण त्याची किल्ली गेली तर? म्हणून एक प्रत बहिणीकडे." एवढं बोलून त्यानं आपल्या लॅपटॉपमध्ये दोन पत्ते लिहिले. मोठ्या कोठाराच्या पत्त्याला सारं जग जे नाव देतं ते दिलं, आणि माझ्या पेटीच्या पत्त्याचं नाव ठेवलं 'ताई'. रोजचं पुरं झालेलं काम आधी ताईकडे यायचं, मग नजरेखालून घालून पक्कं झालं की कोठारात.

पेटीचा एक नियम त्यानं मला समजावून सांगितला होता, तो इथे सांगायलाच हवा. तो कधी या लॅपटॉपवर काम करी, कधी त्या. म्हणाला, "समज, मी एका लॅपटॉपवरून तुझ्याकडे काही ठेवलं. मग दुसऱ्यावरून नवं पाठवायला गेलो, तर पेटी घेत नाही. म्हणते, माझ्याकडे जे ठेवलेलं आहे ते आधी घेऊन जा, मग तुझं ठेव." मी म्हटलं, "म्हणजे माझ्या सासूबाईच की. त्यांच्या हातचा डबा घेतल्याशिवाय आपला डबा त्यांच्या हातात देता यायचा नाही." हे त्याला इतकं आवडलं की पुढे फोनवर तो पेटीची तब्येत विचारायचा ती "सासूबाई काय म्हणतात?" अशीच.

सासूबाईंचे मी हाल केले हे मात्र खरं. धूळ बसते म्हणून मी तिच्यावर छान विणलेलं कव्हर घातलं, तर ती तापून बंद पडली. दसऱ्याला घरातली सारी अवजारं पुजतात तशी मी तिलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी दिलीप स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला आणि आतल्या पंख्यातून एक-एक पाकळी चिमट्यानं काढत बसला. मी म्हटलं, "देवाचं आहे, शिव्या देऊ नको." तो म्हणाला, "देवालेच देऊन राहिलो." मग जेवला, दोनदा भात घेतला, आणि माझा चिमटा घेऊन गेला.

काम पाठवलं की त्याचा फोन यायचा. "पोचलं का व, ताई?" मग मी हातातलं टाकून जेवणाच्या खोलीत जायची. पेटीवर एक हिरवा दिवा आहे, काही आलं की तो लुकलुकतो. मी सांगायची, "पोचलं." एकदा मी चिडून विचारलं, "काय रे, पोचलं का नाही ते तुझी मशीन सांगत नाही?" म्हणाला, "सांगते ना, लगेच सांगते. पण तू जेवली का म्हणून विचारते का ती?" त्यानंतर मी कधी चिडले नाही. पिठाच्या हातानंसुद्धा जाऊन दिवा पाहून यायची.

तेरवीला निकिता आली होती. पंगत उठल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काकू, एक अडचण आहे." कोठाराचा पासवर्ड दिलीपच्या डोक्यात, त्यावर लागणारा कोड त्याच्या मोबाइलवर, आणि मोबाइलही कुलूपबंद, लॅपटॉपही. माधुरीनं लग्नाची तारीख, लेकीचा वाढदिवस, सारं घालून पाहिलं होतं. तो जायच्या आदल्या आठवड्यापर्यंतचं सगळं निकिताकडे होतं. नव्हतं ते फक्त बाजाराचं काम. ते त्यानं त्या शेवटच्या संध्याकाळीच पुरं केलं होतं, तिला फोनवर तसं बोललाही होता. "आणि तेच मी ठेवून घेतलं नाही," मी म्हटलं. "लाइन नव्हती बाई." दुःख कशाचं नेमकं करावं तेही कळेना. भाऊ गेला त्याचं तर होतंच, पण दिलेला शब्द अर्धा ठेवून गेला, हे त्याला शोभणारं नव्हतं. कौशल्याबाईंना काय सांगायचं?

रोवणी तोंडावर आली तेव्हा निकिता लॅपटॉप घेऊन आमगावला आली. तिनं ठरवलं होतं, आपल्याकडचं जुनं घ्यायचं, बाजाराचं काम पहिल्यापासून करायचं, आणि नवं कोठार उघडेपर्यंत सारं माझ्या पेटीत ठेवायचं. "सरांची पद्धत आहे, एक प्रत काकूंकडे," म्हणाली. पेटीचा पासवर्ड मला ठाऊक होता, आमच्या लहानपणच्या म्हशीचं नाव. तिनं आपल्या लॅपटॉपमध्ये पत्ता लिहिला, त्याचं नाव तिनंही 'ताई' ठेवलं, आणि पाठवायचं बटण दाबलं. मी दिव्याकडे पाहत उभी. दिवा लुकलुकला, आणि निकिता म्हणाली, "अरे." पडद्यावर लाल अक्षरांत आलं होतं, रिजेक्टेड.

"बिघडली का?" मी विचारलं. "कव्हर तर नाही घातलं मी."

"तिच्यातलं पुसून जबरदस्तीनं पण पाठवता येते, काकू, थांबा..." ती म्हणाली, आणि तिचं बोट वरच्या वर थांबलं. तिनं ती लाल अक्षरं पुन्हा वाचली. मग माझ्याकडे वळली. "काकू, ही नाही म्हणून राहिली."

"ते दिसलं मला."

"नाही म्हणते, म्हणजे हिच्याकडे असं काही आहे, जे माझ्याकडे नाही."

मला समजायला क्षणभर लागला. मग मी खुर्ची ओढून बसले. निकितानं आधी पेटीतलं मागवलं. सासूबाईंनी दिलं. एकामागून एक गावांची नावं आणि पुढे बाजाराचा वार... सडक अर्जुनी, आमगाव, कौशल्याबाईंचं गाव, सारं. पेटीत आल्याची तारीख त्याच शेवटच्या दिवसाची, वेळ रात्रीची. मी झोपल्यावर केव्हातरी आमच्याकडे लाइन आली, पेटी आपली आपण सुरू झाली, आणि तिकडे हा वाट पाहत जागाच होता. त्यानं काम पाठवलं आणि मला फोन केला नाही. झोप म्हणाला होता ना, म्हणून. निकिता रडत होती आणि मी हसत होते, का उलटं, ते आता आठवत नाही.

त्याच आठवड्यात निकितानं नवं कोठार उघडलं, साऱ्यांच्या कॉम्प्युटरमधला जुना पत्ता बदलून नवा घातला, आणि किल्ली एकाच्या डोक्यात न ठेवता माधुरीकडेही दिली. 'ताई' मात्र तशीच ठेवली. सध्या आमच्याकडे रोवणी जोरात सुरू आहे. परवा कौशल्याबाईंचा फोन आला. "औंदा बाजार आहे जी मोबाइलमधी. भाऊनं केलं ना?" मी म्हटलं, "हो, भाऊनंच केलं."

निकिता रोज संध्याकाळी काम पाठवते. ती फोन करत नाही, तिला लॅपटॉप सांगतो. पण फ्रिजच्या बाजूला तो हिरवा दिवा लुकलुकला की मी हातातलं टाकून तिथे जाते, पाहते, आणि मोठ्यानं सांगते, "पोचलं गा, दिल्या. झोप आता."