बादलीतला लसूण आणि आईनं आणलेली साडी

ऐका, पण आधी हातातला चहा संपवा. मधेच ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही. माझी जी फजिती झाली, तशी अख्ख्या चाकण पट्ट्यात कुणाची झाली नसेल.

मी मूळचा उदगीरकडचा. महाळुंग्यात एका खोलीत राहतो, जवळच्याच कंपनीत क्वालिटीला आहे. खोली पहिल्या मजल्यावर, खाली मालकीणबाई. मी त्यांना मावशी म्हणतो. गावातलं जुनं घराणं, पूर्वी शेतात बाजरी उगवायची, आता खोल्या उगवल्यात. मावशींची अट एकच: "खोलीवर पोरगी आणायची न्हाई." मी म्हटलं, मावशी, आणायला आधी असावी लागते.

माझा रूम पार्टनर लग्न करून तळेगावला गेला आणि खोली एकदम मोठी झाली. तुम्ही कधी एकट्यापुरता स्वयंपाक केलाय? लसणाची गड्डी संपतच नाही हो. दोन पाकळ्या फोडणीला टाकायच्या, बाकीच्या टोपलीत पडून. थंडीच्या दिवसांत एकदा बघतो तर त्यांना हिरवे कोंब फुटलेले. टाकवेना. रंगाची एक रिकामी बादली होती. तिला खालून भोकं पाडली, माती भरली, पाकळ्या टोकं वर करून खोचल्या आणि बादली खिडकीत ठेवली.

आठवड्याभरात पात वर आली. कामावरून येऊन दार उघडलं की समोर कुणीतरी वाट बघत उभं आहे असं वाटायचं, खरं सांगतो. मग मी बोलायला लागलो. आधी नुसतं "काय, कसं काय?" पुढे लाइनवर कोण काय म्हणालं, सुपरवायझर कसा तिरका वागला, सगळंच. कोपऱ्यातली एक पाकळी मात्र काही केल्या उगवेना. तिच्यावर माझा विशेष जीव. रोज तिची मनधरणी: "अगं, ये की बाहेर. कुणाला घाबरतेस? मी आहे ना."

आणि जिन्यात मावशी.

मला काय माहीत? मला एवढंच दिसलं की मावशी अचानक गोड झाल्यात. एका संध्याकाळी पिठलं आणि चार भाकरी घेऊन आल्या. मी म्हटलं, "मावशी, एकट्याला एवढं कसं संपायचं?" दारातूनच आत डोकावत त्या म्हणाल्या, "असू दी. कुनाला उपाशी ठिवू नगं." मला वाटलं, जिन्यातल्या मांजराबद्दल बोलतायत.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "खिडकी उघडी ठिवतो ना? आत कोंडल्यावानी व्हतं."

"हो तर. सकाळचं ऊन मिळालंच पाहिजे. नाहीतर पिवळी पडते."

"घरी सांगितलं का?"

"एवढ्यात नको, मावशी. नीट रुजली की सांगेन आईला."

मावशींनी डोळे पुसले आणि खाली गेल्या. आता लसणाच्या पातीसाठी कुणी डोळे पुसतं का? पण मला तेव्हाही शंका आली नाही. आईचा नंबर त्यांच्याकडे होताच.

रविवारी सकाळी दार वाजलं. दारात आई. रात्रभर एसटीत बसून आलेली, हातात पिशवी, पिशवीत हिरवीगार साडी, आणि मागे मावशी. आई आत आली. दाराआड बघितलं, मोरीत डोकावली.

"कुठंय ती?"

"कोण?"

"सून माझी. मी काही रागवायले नाही. कुठली, काय, तेही विचारायले नाही. समोर तर येऊ दे तिला."

"तू रोज बोलतो ती," मावशी म्हणाल्या. "म्या सोताच्या कानानं ऐकलंय. भाईर ये, घाबरू नगं, म्हनत व्हतास."

मी बादलीकडे बोट दाखवलं.

दोघी बघत राहिल्या. मावशींनी पदर तोंडाला लावला, हसू दाबायला. आई हसली नाही. बादलीपाशी बसली आणि म्हणाली, "कोणती येईना?" मी कोपरा दाखवला. तिनं बोटानं माती उकरली, पार तळापर्यंत. काही नव्हतंच. तिथे मी पाकळी लावलीच नव्हती, राव. महिनाभर नुसत्या मातीची समजूत घालत होतो.

आईनं हात झटकले. "कधीपासून बोलायलास रे यांच्यासंगं?"

मी उकरलेली माती हातानं सारखी करायला लागलो.

"मला तर फोनवर म्हणतोस, बरं आहे, ठेवतो."

ती आठवडाभर राहिली. साडी मावशींना दिली. लसणाच्या पातीची चटणी केली. चटणी झकास झाली होती, पण पहिला घास जरा जडच गेला. ती जाताना दोघींनी ठरवून टाकलं, पोराचं लग्न लावायचं.

पहिलं स्थळ मावशींच्या ओळखीतलं, पिंपळे सौदागरचं. मुलगी बँकेत. आम्हा दोघांना गॅलरीत बसवलं. तिनं सहज विचारलं, "एकटे राहता, करमतं का?"

बास. हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी सुरू झालो ते गड्डी, बादली, सुपरवायझर, मावशी, आई, काही सोडलं नाही. चहा आला, गार झाला. तिची आई दोनदा डोकावून गेली. ती मात्र ऐकत होती, मधूनमधून हसत होती. घरी आलो तो तरंगतच.

दुसऱ्या दिवशी मावशींकडे निरोप आला: मुलगा चांगला आहे, नोकरीही चांगली आहे, पण बोलतो फार.