तू बॅच सोडशील का?

डब्लिनमध्ये औषधनिर्मितीत मास्टर्स करताना माझ्यावर एआयकडून निबंध लिहून घेतल्याचा आरोप आला होता. वापरलं असेल तर शेवटी तसं नमूद करायचं, असा नियम होता. मी वापरलंच नव्हतं. पण माझं इंग्रजी इतकं घोटीव होतं की सॉफ्टवेअरला ते यंत्राचं वाटलं. आरोप सिद्ध झाला तर विषय नापास, आणि मग नोकरीचं विसरायचं.

डब्लिनच्या सँट्री भागात मी राहायचे, त्या फ्लॅटमधली मैत्रीण म्हणाली, "टेन्शन नको घेऊस यार, ओरलला बोलावलंय ना? मग क्लिअर करून टाक." तोंडी म्हटलं की आपल्याला एकच ठाऊक. दोन दिवस बसमध्ये जाता-येता मी स्वतःचाच निबंध पाठ केला.

प्राध्यापक बाई शांतपणे म्हणाल्या, "सॉफ्टवेअरच्या सांगण्यावरून मी कुणाला नापास करत नाही. तूच सांग, काय लिहिलंयस?"

मी घडाघडा सुरू झाले. गोदामातला फ्रिज तीन तास बंद पडला, आतल्या इंजेक्शनांच्या चाचण्या मात्र पास झाल्या. तर ती बॅच बाजारात सोडावी का? बाजूने चार मुद्दे, विरुद्ध चार मुद्दे, योग्य निर्णय गुणवत्ता विभागाने घ्यावा. एक शब्द चुकला नाही.

"ग्रँड," त्या म्हणाल्या, म्हणजे तिथल्या बोलीत 'ठीक'. "हे तूच लिहिलंस, पटलं मला. आता समज, त्या विभागात तूच आहेस. तू बॅच सोडशील का?"

मला रागच आला. हा प्रश्न निबंधात कुठे होता? तो फ्रिजचा प्रसंग मी मनात पुन्हा चाळला. त्यांना काही घाई दिसेना.

"नाही सोडणार," मी शेवटी म्हटलं.

"का?"

"चाचणीसाठी घेतलेल्या बाटल्या फ्रिजच्या कुठल्या भागातल्या होत्या ते दिलेलं नाही. दाराजवळच्या जास्त तापल्या असतील. त्या तपासल्याशिवाय मी सही करणार नाही."

त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी लिहून घेतलं. "मग हे निबंधात का नाही?"

"तेव्हा मी असा विचारच केला नव्हता," मी म्हटलं.

आरोप त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतला. हायसं वाटायला हवं होतं, पण मला लाज वाटली; निबंध माझाच होता, पण त्यात माझं मत कुठेच नव्हतं. तोंडी दिलेल्या त्या उत्तरासाठी निबंधाचे गुण वाढवून द्या, असं काही मी म्हटलं नाही.