पोकळ वाजणारा बर्फ

पोखर्णीचा सटवाजी फौजेत हवालदार होता. १९८६च्या हिवाळ्यात त्याची तुकडी काश्मीरमधल्या एका उंच चौकीवर होती. नवा बर्फ पडला की दोन दिवस उतारावर पाय ठेवायचा नाही, ओलांडायचाच झाला तर ऊन चढायच्या आत, हे नव्या जवानांना तोच शिकवायचा.

त्या दिवशी त्याची रजा सुरू होत होती. बहिणीचं लग्न होतं. खालच्या रस्त्यावरून गाडी दुपारी सुटणार, पुढची आठवड्यानं. आदल्या दिवशीच बर्फ पडला होता आणि आता ऊन वर आलं होतं, तरी तो तिघा जवानांना सोबतीला घेऊन निघाला. त्यातला चंद्रभान चारठाण्याचा, म्हणजे जिल्ह्याचाच.

उताराच्या काठावर चंद्रभान थांबला. "दादा, पायाखाली पोकळ वाजायलंय. आज नको."

"चल रे, दहा मिन्टाचं काम हाय."

सटवाजी पुढं झाला आणि पार पोचला. मागं चंद्रभान मध्यावर आला, तेव्हा वर धाडकन आवाज झाला आणि अख्खा उतार सरकला. तिघांनी फावड्यांनी, मग हातांनी उकरलं. चंद्रभान सापडला तेव्हा दोन तास उलटून गेले होते.

चौकशीत सटवाजीनं सांगितलं, "बर्फ अचानक सुटला." उरलेले दोघं गप्प राहिले.

चंद्रभानच्या सामानाची पेटी घेऊन तोच चारठाण्याला गेला. तानुबाईनं, चंद्रभानच्या आईनं, विचारलं, "शेवटाला काय म्हनला रं माझा?"

"काय न्हाई, माय. हसत चालला होता."

पेन्शनीत आल्यावर तो दर संक्रांतीला तिला भेटायला जायचा. ती त्याला जेवू घालायची. १९९३ साली त्यानं ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगून टाकलं.

तानुबाई म्हणाली, "सात वर्सं मी त्यालाच बोल लावला. ल्हानपणापासनं वांड, फुडं बघून चालायचा न्हाई, तसाच गेला आसंल म्हणून. आन् त्यो तर थांब म्हनला व्हता."

तिनं आत हाक मारली, "मनकर्णा, भाईर ये. ह्याला पुन्हा सांगू दे."

चंद्रभानची बायको दाराशी उभी राहिली. सटवाजीनं तेच शब्द परत सांगितले. ती त्याचं ताट उचलून आत गेली.

घरी येऊन त्यानं पलटणीला खरं काय ते लिहून पाठवलं. पत्र मिळाल्याची पोच आली, बाकी काही नाही. पुढच्या संक्रांतीला तो चारठाण्याला गेला नाही. तिकडून निरोपही आला नाही.