खाली तारीख कोणती दिसते?

कॉम्प्युटर क्लासमधली शिकवायची नोकरी सोडून मी अमरावतीला घरूनच वेबसाइट बनवायला लागले, तेव्हा दिवाळीपर्यंतची मुदत घालून घेतली होती. तोवर गावाबाहेरचं एक तरी काम नीट पार पडलं नाही, तर परत क्लासमध्ये. घरून कोणी काही म्हणालं नव्हतं, अट माझीच होती.

अकोल्याचं काम पोळ्याच्या सुमारास आलं. साठीचे एक चाचा, छोट्या दाळमिल बनवायचं वर्कशॉप चालवणारे. कापसाचं त्या वर्षांत काही खरं राहिलं नव्हतं. गावोगावचे बायकांचे बचत गट तूर तशीच विकण्यापेक्षा डाळ करून विकू पाहत होते. त्यांच्यासाठी चाचांनी घरच्या विजेवर चालेल असं नवं मशीन केलं होतं. ते जिल्ह्याबाहेर माहीत व्हावं, एवढ्यासाठी साइट हवी होती. मी सुरुवातीला जुन्या मशीनचा फोटो टाकला, कारण नव्याला रंग लागायचा होता. नवा फोटो आला त्याच दिवशी बदलला.

दोन दिवसांनी चाचांचा फोन.

"मॅडम, फोटो जुनाच हाय."

"बदलला, चाचा. परवाच."

"मी आत्ताच समोरच्या कॅफेत पाहून आलो ना."

मी पुन्हा चढवला. पुन्हा फोन, पुन्हा जुनाच. दोघांनी एकाच वेळी साइट उघडून पाहावी म्हटलं, तर अमरावतीत लाइट असली की अकोल्यात नसायची. दोन्हीकडच्या लोडशेडिंगची वेळापत्रकं पेपरातून कापून मी भिंतीला चिकटवली होती. त्यांत सोयीचा एक तास सापडायचा, तेव्हा कॅफेतली लाइन बंद असायची. तीन आठवडे असे गेले. मला वाटायला लागलं, माणूस मुद्दाम खुसपट काढतोय. त्यांना काय वाटत होतं ते त्यांनीच सांगितलं.

"मॅडम, तुमी शिकल्यासवरल्या बाई. होत नसन तर नाही होत म्हना. रोज झालं झालं काहून म्हनता? आमचे एक ओळखीचे हायत नागपूरले, त्यांच्याकडून करून घेऊ. तुमी राग नका मानू."

राग आलाच. पण क्लासमध्ये सात वर्षं शिकवून एक कळलं होतं: समोरचा पुन्हा पुन्हा एकच चूक सांगत असेल, तर त्याच्या खुर्चीत बसून पाहावं. "नागपूरला उद्या फोन करा," म्हटलं, "मी सकाळच्या गाडीनं येते." बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि अकोल्याला उतरून थेट वर्कशॉप गाठलं. चाचांनी चहा मागवला, पण बोलले कमी.

समोरचा कॅफे म्हणजे जुना एसटीडी बूथ. मालक चाचांचे शाळासोबती. आम्हाला पाहताच त्यांनी माऊस हलवला आणि साइट डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडली. त्या काळात तिथल्या लाइनवर असं काही उघडणं शक्यच नव्हतं. वर पाहिलं. पत्त्याच्या जागी साइटचं नाव नव्हतं, त्यांच्याच कॉम्प्युटरमधल्या फोल्डरचं होतं.

"हे कुठून उघडलं?"

"पहिल्याच दिवशी सेव्ह करून ठेवलं," ते अभिमानानं म्हणाले. "नेट बैलगाडीवानी चालते. हा दोस्त रोज येते, अर्धा अर्धा तास ताटकळत बसते. म्हटलं, याचा टाइम वाचवू."

मी ते बंद केलं आणि पत्ता टाइप केला. आम्ही तिघं पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसलो. बऱ्याच वेळानं वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं, हिरवं नवं मशीन उतरलं.

चाचा आधी मित्राकडे वळले. "तीन हप्ते झाले, तू मले तोच जुना फोटो दाखवून राहिला?"

"अरे, तुह्याच भल्यासाठी!"

"ऐसे भले से खुदा बचाए." मग माझ्याकडे बघून, जरा खाली आवाजात, "बेटा, मी तुमाले खोटं पाडलं."

"मीही तुम्हाला तेच केलं होतं, मनातल्या मनात," मी म्हटलं. "नागपूरचं काय?"

"कोनतं नागपूर?"

दुपारचं जेवण त्यांच्या घरी झालं. परतीच्या गाडीत मी एक गोष्ट ठरवली आणि घरी लाइट आल्यावर लगेच केली: प्रत्येक पानाच्या तळाशी, बदल केल्याची तारीख आणि वेळ. तेव्हापासून माझ्याकडे कोणाचीही तक्रार आली, की पहिला प्रश्न तोच. खाली तारीख कोणती दिसते? निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांत बहुतेकदा चूक माझी असते, ती मी दुरुस्त करते.

दसऱ्याच्या आधी चाचांचा फोन आला. सलाम नाही, हॅलो नाही.

"तारीख आजची हाय, बेटा. आता ऐक. आमच्या भाच्याचं पाइपाचं दुकान हाय, त्याले बी अशीच साइट पायजे."

दिवाळीला अजून अवकाश होता. मी वही उघडली आणि म्हटलं, "सांगा."