माशांचं पाणी

“बोट न्हाई लावायचं, डोळे लावा,” असं म्हणत बाई माशांच्या पेटीच्या काचेकडे जाणारा प्रत्येक हात मनगटाशी धरायच्या. एकदा चेअरमनबाईंचाही धरला होता.

युसूफ वडगाव या गावात आमची बायकांची दूध संस्था होती. बाई तिच्या सेक्रेटरी, मी दुधाचं फॅट तपासायचे. दुधात पाणी सापडलं तर बाई सख्ख्या जावेलाही परत पाठवायच्या. घरात एकट्याच राहायच्या. म्हणून पुण्याच्या लेकानं काचेची पेटी आणि बोटाएवढ्या बुटक्या सिक्लिड माशांची जोडी आणून दिली.

मादी एरवी मळकट दिसायची. वीण जवळ आली की तिचं पोट पिकल्या जांभळासारखं व्हायचं आणि ती नरापुढं अंग वाकवून थरथरायची. “यांच्यात बाईच मागणी घालती,” बाई सांगायच्या. मग पेटीतल्या पालथ्या बोळक्यात, वरच्या बाजूला चिकटवलेली अंडी.

त्यांची वीण नेमकी दुष्काळात झाली. टँकरच्या रांगेत शेजारच्या कमलकाकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, “माणसांना पाणी न्हाई अन् तुमी मासे पाळता.” बाईंनी घागर उचलली आणि चालू लागल्या.

त्या दिवसांत बाईंच्या अंगाला शेवाळाचा वास यायचा. शेवटी मी विचारलंच. पेटीतलं पाणी अधूनमधून बदलावं लागतं. तर त्या आपल्या आंघोळीची बादली पेटीत ओतायच्या आणि पेटीतून काढलेल्या पाण्यानं आंघोळ करायच्या. कुणाला सांगू नको, म्हणाल्या. मी त्याच दिवशी कमलकाकूंना सांगितलं.

काकू संध्याकाळी आल्या. माफीबिफी मागितली नाही, सरळ पेटीपुढं बसल्या. वीज गेलेली, पेटीतला हवेचा पंप बंद. माशांना हवा मिळावी म्हणून बाई तांब्यानं पेटीतलंच पाणी घेऊन वरून सोडत होत्या. काकू वाकल्या तशी मादीनं अंग झटकलं आणि तिच्याभोवती तरंगणारी पिलं तळाच्या वाळूत दिसेनाशी झाली.

“कुठं गेली?”

“आईनं दडवली. तुमाला भ्याली.”

काकूंनी बाईंच्या हातातला तांब्या घेतला. “तुमी भाकर खाऊन घ्या. मी बसते हितं.”

पुढं जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, संस्था बंद पडली. लेक पुण्याला बोलवत होता. पिलं मोठी होऊ दे, म्हणून बाई टाळत राहिल्या. पिलं मोठी झाली. मादीचं पोट पुन्हा रंगलं आणि जोडी आपल्याच पिलांना टोचून हाकलू लागली. बाई हसल्या. “यांना आता जागा पायजे. चला, निघावं.”

जोडी पेटीसकट काकूंकडं गेली. मी मांजरसुंब्याच्या स्टँडपर्यंत बाईंना सोडायला गेले. पुण्याच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. मांडीवर दुधाची किटली, झाकण काढलेलं, आत पिलं. सांडेल म्हणून कंडक्टर कुरकुरला. ऊन थेट आत येत होतं, तर बाईंनी किटलीवर पदर धरला.

गाडी सुटली. मी हात केला. बाईंचे दोन्ही हात किटलीला होते.