अंजनीने मागे घेतलेली साक्ष

"शिकवण-बिकवण कशाला, प्रभूवर प्रेम असलं की झालं!" असं कोणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. अरे, प्रेम आहे ना? मग तो काय म्हणाला ते नीट वाचा की! माझ्या धाकट्या जावेचं, अंजनीचं, प्रेम काय कमी होतं? पण त्या अडाणी प्रेमापायी पोर हातची जायची वेळ आली.

अंबरनाथला आम्ही एकाच चाळीत राहायचो. अंजनीचा नवरा, म्हणजे माझे दीर शिवराम, एमआयडीसीत कामाला. त्यांच्या मुलीला, वेणूला, फिट यायची. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या, आणि त्यांवर पोरगी ठणठणीत होती. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे आण्णा दर बुधवारी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास घ्यायचे. यायच्या कोण, तर चार म्हाताऱ्या आणि मी. अंजनी म्हणायची, "ताई, तिथं झोप येते हो. मला देवाचं सामर्थ्य पाहिजे, शाळा नको."

सत्त्याऐंशी साली उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये सभा लागल्या. उपदेशक बाहेरचा, पांढरा सूट, आवाज असा की पत्रे हादरावेत. म्हणाला, "विश्वास असेल त्यानं आपली औषधं इथं टेबलावर आणून टाकावी. गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास!" झालं! अंजनीने वेणूच्या गोळ्या नेऊन टाकल्या. वर रविवारी आमच्या मंडळीत उभी राहून साक्षही दिली, "माझी वेणू बरी झाली." टाळ्याच टाळ्या! आण्णा बोलायला उठले, तर लोकांनी हालेलुयाच्या गजरात त्यांना खाली बसवलं.

आठवड्याच्या आत फिट आली. पण साक्ष दिली होती ना! आता गोळी दिली तर आपण देवासमोर खोट्या ठरू, म्हणून ही बया दार लावून पोरीला धरून बसायची. मी भांडले, भावोजी भांडले. ऐकेल तर शपथ! शेवटी एक दिवस वेणू पेटत्या स्टोव्हवर पडली. कोपरापर्यंत हात भाजला.

उपदेशक दवाखान्यात आला. मला वाटलं, माफी मागेल. मेल्यानं काय म्हणावं? "बाई, तुमचा विश्वास कमी पडला." हातातला थर्मास त्याच्या डोक्यात घालणार होते मी, आण्णांनी हात धरला.

तो गेल्यावर आण्णांनी अंजनीपुढे शास्त्र उघडून ठेवलं. "मी सांगत नाही, तूच वाच," म्हणाले. वाचता वाचता ती थांबली. ज्यानं कित्येकांना बरं केलं तो प्रेषित पौलही आपल्या आजारी सोबत्याला मागे ठेवून पुढच्या प्रवासाला गेला, असं तिथं लिहिलं होतं.

"आण्णा, मग पौलाचाही विश्वास कमी पडला होता का?" तिनं विचारलं. त्याच दिवशी तिनं वेणूला स्वतःच्या हातानं गोळी दिली.

महिन्याभरानं तोच उपदेशक आमच्या मंडळीत मानाच्या खुर्चीवर बसला होता. अंजनी उभी राहिली.

"माझी साक्ष खोटी होती. वेणू बरी झाली नव्हती. मी गोळ्या बंद केल्या म्हणून तिचा हात भाजला."

"बाई, खाली बसा! प्रभूचा अपमान करताय!" मागून कोणीतरी ओरडलं.

"अपमान तेव्हा केला!" अंजनी कडाडली. "प्रभूनं न दिलेलं वचन मी त्याच्या नावावर खपवलं, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. एकानं तरी विचारलंत का, हे लिहिलंय कुठं?"

वेणू पट्टी बांधलेला हात सावरत आईच्या शेजारी येऊन उभी राहिली.