स्टाफरूमची वाइन

शिकवलेलं पोरं वर्षभरात विसरतात, पण स्टाफच्या सहलीत कुणाच्या पिशवीतून काय निघालं, ते स्टाफरूम जन्मभर विसरू देत नाही! पेणची आमची शाळा दर थंडीत रोह्याला जाते, गणिताच्या पाटील सरांच्या मेव्हण्याच्या आमराईत. आम्ही त्याला 'पिकनिक' म्हणतो. म्हणजे घरचंच जेवण, फक्त मुंग्यांच्या पंगतीत.

*

पहिल्या वर्षी मुख्याध्यापिका प्रधान बाईंनी फर्मान काढलं, "जड काही नको. हलकंफुलकं आणा."

आम्ही पडलो आज्ञाधारक. आमराईत पिशव्या उघडल्या, तर सगळ्यांनी आणलेले पोह्याचे पापड! पेणचे ना आम्ही! आणि सगळे कच्चे.

"तळणार कशात?" बाईंनी विचारलं.

"तेल जड झालं असतं, बाई," पाटील सर म्हणाले.

*

पुढल्या वर्षी खाण्याचं खातं वैद्य सरांकडे गेलं. ते इंग्रजी शिकवतात, त्यामुळे सँडविचमधलं त्यांनाच कळणार! त्यांनी प्रत्येकाचं सँडविच फॉइलमध्ये बांधलं, वर नाव घातलं, सगळी पिशवीच्या तळाशी रचली. आणि त्यावर ठेवलं कलिंगड.

रोह्याला पोचेपर्यंत सँडविचच्या पोळ्या झाल्या होत्या.

"इटलीत अशा दाबलेल्या सँडविचला पानिनी म्हणतात," वैद्य सर जराही न डगमगता म्हणाले.

संस्कृतच्या जोशी मॅडमनी हात जोडले. "पाणिनीला तरी सोडा हो!"

*

मग वैद्य सरांच्या जावयाने नाशिकहून वाइन पाठवली.

"वाइन म्हणजे दारू नव्हे, संस्कृती!" सरांनी आम्हाला समजावलं. संस्कृती ओल्या टॉवेलात गुंडाळली, काचेचे ग्लास कापसात बांधले, चीजचे चौकोन कापले. प्रधान बाई नदीकडे फिरायला गेल्या आणि संस्कृती बाहेर आली. ओपनर मात्र पेणला राहिला होता!

पाटील सरांनी बॅगेतून कर्कटक काढलं आणि बूच टोकरायला घेतलं.

"सर, मध्यबिंदू चुकतोय!" मी म्हटलं.

बूच गेलं आत, वाइन आली सरांच्या पांढऱ्या शर्टावर. मागे प्रधान बाई उभ्या.

"काय पाटील, झालं का प्रमेय सिद्ध?"

परतताना बाईंनी जाहीर केलं, "यापुढे सहलीत फक्त नारळपाणी. तेही नारळातच!"

*

यंदा वैद्य सरांनी शेजारच्या मूर्तीच्या कारखान्यातून एक खोकं मागून आणलं. आत कागदाचा भुसा, भुशात दोन बाटल्या. बाहेर गणपतीचं चित्र. माघी गणपती तोंडावर आलेले, संशय घेणार कोण?

रोह्याच्या एसटीत सरांनी खोकं सीटखाली सरकवलं. कंडक्टर कडाडला, "ओ मास्तर! बाप्पाला पायाशी ठेवता व्हय? शिकलेली मानसं ना तुमी?"

त्याने एका तरण्या गड्याला उठवून खिडकीची सीट खोक्याला दिली. बाप्पा बसले, वैद्य सर उभे! पुढच्या सीटवरून प्रधान बाईंनी वळून भक्तिभावाने नमस्कार केला. आम्हीही केला. करतो काय?

गडब गावच्या थांब्यावर एक आजी चढल्या. खोकं दिसताच त्यांनी अंबाड्यातलं अबोलीचं फूल काढून त्यावर वाहिलं, डोकं टेकवलं आणि वैद्य सरांना हळूच विचारलं, "नवसाला पावतो काय रं ह्यो?"

सरांनी आधी प्रधान बाईंकडे पाहिलं, मग आजींच्या कानाशी वाकले.

"बाई जरा लांब गेल्या, की लगेच पावतो!"